सोलापूरहून क्लबच्या अकादमीत : पंधरा वर्षांखालच्या संघातले आमचे दहा महिने

माझा मुलगा गेल्या जूनपासून या एप्रिलपर्यंत एका व्यावसायिक फुटबॉल क्लबच्या निवासी अकादमीत होता, त्यांच्या 15 वर्षांखालच्या संघात. तो परत आल्यापासून विचारणारे थांबत नाहीत. भाकरी न्यायला आलेली गिऱ्हाइकं विचारतात, रेल्वे लाईन्सच्या मैदानावर येणाऱ्या मुलांचे पालक विचारतात, मागच्या आठवड्यात बार्शीहून एका वडिलांचा फोन आला. प्रत्येकाला अर्धा अर्धा तास सांगत बसण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहिते.

क्लबचं नाव लिहीत नाही. माझ्या काही तक्रारी आहेत, त्या मी तिथल्या माणसांना समोर बसून सांगितल्या आहेत आणि त्यातली काही माणसं फार चांगली आहेत. एवढंच सांगते की त्यांचा मोठा संघ टीव्हीवर दिसतो, आणि सोलापूर स्टेशनवर रात्री गाडीत बसलं की सकाळी तिथं पोचता येतं.

मी घरी कडक भाकरी आणि शेंगा चटणी करून विकते. यजमान अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत. आमच्या घरात फुटबॉल कुणी खेळलेलं नाही. मुलगा पाचवीत असताना शेजारच्या मुलांबरोबर मैदानावर जायला लागला आणि तिथून त्याला वेड लागलं. हे सांगते कारण मी आईच्या नजरेनं लिहितेय. मैदानातलं मला जे कळतं ते त्याच्याकडून, तिथल्या सरांकडून, आणि रात्री फोनवर वाचून वाचून शिकलेलं आहे.

निवड चाचणी दोन दिवसांची होती. छातीवर नंबर लावलेली पावणेदोनशे पोरं. मला वाटलं होतं पळायला लावतील, गोल मारायला सांगतील. तसं काहीच नाही. छोट्या मैदानावर पाच-पाच जणांचे सामने लावले आणि चार सर वह्या घेऊन चार कोपऱ्यांत उभे राहिले. दोन्ही दिवसांत कुणी ओरडलं नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी मुलांना गोल रिंगणात उभं केलं, मध्ये दोघांना ठेवलं आणि मधल्यांच्या हाती लागू न देता चेंडू फिरवायला लावलं. याला रोंडो म्हणतात. 1988 ला योहान क्रायफ स्पेनच्या बार्सिलोना क्लबचे प्रशिक्षक झाले, त्यांनी हा सराव तिथं रुजवला, असं मुलानं मला परतीच्या गाडीत सांगितलं. घरात एका जागी पाच मिनिटं न टिकणारा माझा मुलगा त्या गोलात वीस मिनिटं एकाच जागेवर उभा होता. फक्त मान फिरत होती.

पहिल्या महिन्यात त्याचे हाल झाले ते मैदानानं. आमच्याकडे पोरं मुरमावर खेळतात. चेंडू कुठं उसळेल याचा भरवसा नसतो, म्हणून तो आधी छातीनं नाहीतर मांडीनं दाबायचा आणि मग पायाखाली घ्यायचा, ही सवय पक्की झालेली. तिथं कृत्रिम गवत. चेंडू सरळ, जमिनीला चिकटून आणि दुप्पट वेगानं येतो. दाबायला थांबलास की समोरचा घेऊन गेला. पंधरा दिवस रोज रात्री फोनवर एकच, "आई, मला चेंडू लागतच नाही." शिवाय घसरून पडलं की गुडघ्याची सालटी निघतात, भाजल्यासारखी. सोलापूरच्या पालकांनो, जायच्या आधी महिनाभर मुलाला कुठंतरी टर्फवर खेळवा. आता आपल्याकडेही तासावर भाड्यानं मिळणारे टर्फ झालेत. आणि बूट तिथं पोचल्यावर घ्या. आम्ही इथून लांब खिळ्यांचे घेऊन गेलो होतो, ते तिथं चालले नाहीत. कृत्रिम गवताला आखूड आणि जास्त खिळ्यांचे बूट लागतात.

आता जेवण. हे मी जरा जास्तच बारकाईनं बघितलं.

दिवसातून चार वेळा देतात. सकाळी सरावाआधी केळं आणि दूध, सरावानंतर अर्ध्या तासात नाश्ता, मग दुपारचं आणि रात्रीचं जेवण. अंडी रोज, चिकन आठवड्यातून तीनदा, न खाणाऱ्यांना पनीर नाहीतर उसळ. भात भरपूर. ताटात कमी कधी पडलं नाही, हे मुलानं शपथेवर सांगितलंय. पण वरण पातळ. मी दोन वेळा जाऊन तिथं जेवले, दोन्ही वेळा वाटीचा तळ दिसत होता. वाढीच्या वयातल्या, दिवसाला दोन-अडीच तास पळणाऱ्या मुलाला तसलं वरण कसं पुरणार? मी स्वयंपाकघरात जाऊन आचाऱ्यांशी बोलले. त्यांनी ऐकून घेतलं, नोव्हेंबरपासून आठवड्यातून दोनदा शेंगदाण्याची आमटी सुरू केली. कशी करायची ते मी त्यांच्या शेगडीपाशी उभी राहून दाखवलं. बाहेरच्या बाईला स्वयंपाकघरात येऊ दिलं आणि तिचं ऐकलं, याबद्दल माझ्याकडून त्यांना पुरे गुण.

माझ्या दोन किलोच्या चटणीच्या डब्याला त्या खोलीत तीन दिवस लागले. सहा मुलांची खोली, त्यात दोघं मणिपूरचे, एक मिझोरामचा. मणिपूरच्या मुलांना फुटबॉल आईच्या दुधातूनच मिळतो की काय असं वाटतं. 2017 ला आपल्या देशात 17 वर्षांखालच्या मुलांचा विश्वचषक झाला, तेव्हा भारताच्या 21 जणांत 8 मणिपूरचे होते. कोलंबियाविरुद्ध भारताचा विश्वचषकातला पहिला गोल केला तो जॅक्सन सिंगही तिथलाच. तर खोलीतल्या मणिपूरच्या एकानं भातावर नुसती शेंगा चटणी आणि तेल घालून खायला सुरुवात केली आणि मग सगळ्या खोलीनं. माझा मुलगा त्यांच्याकडून बांबूचे सुकवलेले कोंब खायला शिकला. घरापासून लांब राहण्याचं दुःख त्याला कमी झालं ते या अदलाबदलीनं. वॉर्डन चांगले होते, पण हे काम वॉर्डनचं नाही, खोलीतल्या पोरांचं आहे.

बार्सिलोनाच्या अकादमीचं नाव ला मासिया. मुलगा सारखं हे नाव घ्यायचा, म्हणून मी वाचलं. मासिया म्हणजे त्यांच्याकडचा शेतावरचा वाडा. 1702 साली बांधलेला जुना वाडा होता, तो 1979 पासून बाहेरगावच्या मुलांना राहायला वापरला. 2011 ला मुलं नव्या इमारतीत गेली. बॅलन डी'ऑर म्हणजे वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूचा पुरस्कार, त्याच्या 2010 च्या शेवटच्या तीन नावांत मेस्सी, इनिएस्ता आणि चावी होते, तिघंही त्याच अकादमीत घडलेले. हे वाचल्यावर मला पहिल्यांदा उमजलं की अकादमी म्हणजे नुसतं मैदान नाही, पोरांनी राहायचं घर आहे. मग मी तिथं जाऊन खोलीतल्या गाद्या, संडास-बाथरूम, पाण्याचा फिल्टर, सगळं बघितलं. तुम्हीही जा आणि बघा. संकोच करू नका. आमच्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, त्यामुळे पाण्याकडे माझी नजर आधी जाते. पाणी तिथं चोवीस तास होतं.

या सगळ्यात मला सर्वांत मोलाचं काय मिळालं असेल तर तिथले फिजिओ.

सप्टेंबरात मुलाच्या उजव्या गुडघ्याखाली टेंगूळ आलं. दाबलं की कळ. असंच दुखणं त्याला आधीही एकदा झालं होतं, तेव्हा इथं एकानं मालिश करून घ्या म्हणून सांगितलं आणि दुसऱ्यानं "पळ, पळून मोकळं होईल" म्हणून सांगितलं. दोन्ही आम्ही केलं. फिजिओ सरांनी गुडघा बघितला, बोट ठेवलं आणि मला फोनवर समजावून सांगितलं. या वयात हाड भराभर वाढतं. मांडीचा मोठा स्नायू गुडघ्याच्या वाटीवरून खाली येऊन नडगीच्या हाडाला जिथं धरतो, ती जागा अजून कोवळी असते. पळणं, उड्या, जोरात मारणं, यानं तिथं सारखी ओढ बसते आणि ती सुजते. ऑसगुड-श्लॅटर असं त्याचं नाव. वाढत्या वयाच्या खेळाडू मुलांत नेहमी दिसणारं दुखणं आहे, बहुतेकांचं वाढ पूर्ण झाली की थांबतं. पण त्या काळात खेळाचा भार कमी करावा लागतो. त्यांनी मुलाला घरी पाठवलं नाही आणि नुसतं बसवूनही ठेवलं नाही. तीन आठवडे पळणं निम्मं, उड्या बंद, मांडीचे ताणाचे व्यायाम रोज, आणि चेंडूवर पायाचं काम चालू.

मग त्यांनी दाखवलं की त्यांच्याकडे प्रत्येक मुलाचं दर महिन्याचं उंची-वजन लिहिलेलं असतं. एक तारखेला, सकाळी, अनवाणी, भिंतीला टाचा लावून. उभ्याची उंची वेगळी, बसल्याची वेगळी. त्यावरून कुणाची झपाट्यानं वाढ सुरू झालीय ते कळतं आणि त्याचा सराव त्याप्रमाणे कमी करतात. माझा मुलगा जूनमध्ये 151 सेंटिमीटर होता, एप्रिलमध्ये 157.5. गुडघा दुखला तो नेमका ज्या दोन महिन्यांत तो सर्वांत जास्त वाढला त्यातच. कागदावर ते दोन आकडे शेजारी शेजारी बघितले तेव्हा मला रडू आलं. आधीच्या वेळी आम्ही त्याला त्याच गुडघ्यावर पळायला लावलं होतं.

यातूनच दुसरी गोष्ट कळली, जी मला आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. माझ्या मुलाचा जन्म नोव्हेंबरचा. वयोगटाची रेघ 1 जानेवारीला पडते. म्हणजे त्याच्या संघात त्याच सालात जानेवारीत जन्मलेला मुलगा त्याच्यापेक्षा दहा महिन्यांनी मोठा. चौदाव्या वर्षी दहा महिने म्हणजे खांद्यांत, आवाजात, पळण्यात केवढा फरक. जगभर युवा संघांत वर्षाच्या सुरुवातीला जन्मलेली मुलं जास्त निवडली जातात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आमच्या संघातल्या मुलांचे वाढदिवस मी स्वतः विचारून लिहून काढले. 26 मुलांत सप्टेंबर ते डिसेंबरमधली फक्त 4 होती. त्या चारांत माझा एक. निवडणाऱ्या सरांना हे ठाऊक होतं आणि तरीही त्यांनी याला घेतलं, म्हणून मी त्यांचा मान ठेवते. पण प्रत्यक्ष सामन्यात अकरा जणांची यादी लावायची वेळ आली की पुन्हा दांडगी पोरंच आधी. जिंकायचं सगळ्यांनाच असतं. इथं माझं क्लबशी पटलं नाही. 15 वर्षांखालचा संघ शिकण्यासाठी आहे असं पहिल्या दिवशी पालकांना सांगितलं होतं, मग लीगचे सलग चार सामने त्याच अकरा मुलांनी का खेळायचे?

मी एकच सामना बघायला गेले, जानेवारीत, गड्ड्याची जत्रा उरकल्यावर. त्या दिवसांत माझ्याकडे भाकरीची मागणी जास्त असते, आधी निघता आलं नाही. हा शेवटच्या 12 मिनिटांसाठी आत गेला. मी त्या 12 मिनिटांचं सांगते.

चेंडू दुसऱ्या टोकाला होता आणि हा मधोमध उभा. चेंडूकडे बघतच नव्हता. उजव्या खांद्यावरून मागं बघ, डाव्या खांद्यावरून मागं बघ, मग चेंडू. पुन्हा उजवीकडे, पुन्हा डावीकडे. मला वाटलं याचं लक्ष नाही. मग त्याच्याकडे चेंडू आला, मागून एक धिप्पाड मुलगा धावत आला, आणि यानं न बघता चेंडू एका स्पर्शात उलट्या बाजूला वळवून दिला. तो मुलगा रिकाम्या जागेत धडकला. माझे वडील गिरणीत विणकर होते. दोन मागांच्या मधल्या गल्लीत उभे असायचे, तोंड एका मागाकडे, आणि पाठीमागच्या मागावर धागा तुटला की वळायच्या आधी हात तिकडे गेलेला असायचा. मी लहानपणी त्यांना विचारलं होतं की कसं कळतं. ते म्हणाले, "सारखं बघून ठेवायचं गं, मग बघावं लागत नाही." त्या दिवशी मैदानाच्या कडेला मला वडिलांची मान आठवली. सामन्यानंतर सरांना विचारलं, हे तुम्ही शिकवलं का. ते म्हणाले, "ताई, पहिले चार महिने आम्ही दुसरं काही शिकवलंच नाही."

शिकवणीला माझे पाचपैकी पाच गुण. चार द्यायला माझा हात धजणारच नाही.

शाळेला दोन. इथं माझी तक्रार खरी मोठी आहे. माझा मुलगा नववीत होता. क्लबनं सांगितलं होतं की जवळच्या शाळेत प्रवेश करून देऊ, संध्याकाळी शिकवायला शिक्षक येतील. शाळेत प्रवेश झाला, पण ऑगस्टात. संध्याकाळचे शिक्षक आठवड्यातून पाच दिवस येणार होते, आले तीन दिवस, आणि सामन्यांच्या आठवड्यात तेही नाही. मराठी माध्यमातून गेलेल्या मुलाला अचानक इंग्रजीतून गणित, त्यात दमलेला जीव. तो मागं पडला तो इतका की परत आल्यावर मे महिना पूर्ण गणितात गेला. दहावीला इथं प्रवेश मिळवायला मला तीन चकरा मारायला लागल्या, कारण तिकडचा दाखला वेळेवर आला नाही. अकादमीत आलेल्या मुलांतली मोजकीच पुढं व्यावसायिक होतात, हे तिथले सर स्वतःच सांगतात. मग बाकीच्यांच्या हातात पुस्तक नको का? हे मी त्यांच्या कार्यालयात बसून याच शब्दांत बोलले.

आता मार्च. 26 मुलांतली 14 ठेवली, 12 सोडली. माझा बारांत.

ते कसं सांगितलं हे महत्त्वाचं, म्हणून लिहिते. फोनवर नाही, यादी लावून नाही. आम्हा दोघांना बोलावलं, मुलाला मध्ये बसवलं, मुख्य सर आणि फिजिओ दोघं समोर. तीन पानांचा लेखी अहवाल हातात दिला. पायाचं काम चांगलं, खेळ वाचतो, वेगात आणि ताकदीत मागं, वाढ उशिरा होतेय, अजून दोन वर्षं तरी चित्र स्पष्ट होणार नाही. मुलानं सगळं ऐकलं. बाहेर आल्यावर जिन्यात बसून रडला. यजमान त्याच्या शेजारच्या पायरीवर बसले, काही बोलले नाहीत. मी पाण्याची बाटली आणायला गेले ती बराच वेळ लावूनच आले.

त्याला मी नंतर हॅरी केनचं सांगितलं. आठव्या-नवव्या वर्षी आर्सेनलच्या अकादमीनं सोडलेला मुलगा, पुढं इंग्लंडसाठी सर्वांत जास्त गोल त्याचेच. ग्रीझमनला फ्रान्समधल्या क्लबांनी उंची कमी म्हणून घेतलं नाही, तो स्पेनला जाऊन शिकला आणि 2018 ला विश्वचषक उचलला. आणि चावी, इनिएस्ता, मेस्सी तिघंही 170 सेंटिमीटरच्या आसपासचे. मुलगा म्हणाला, "आई, मला माहितीय." पण ऐकून घेतलं.

सोडताना क्लबनं सांगितलं होतं की ऑगस्टमध्ये पुन्हा चाचणीला बोलावू. कुणी बोलावलं नाही, माझ्या दोन मेसेजना उत्तर नाही. नोंदणी मोकळी करायलाही दोन महिने लावले. हे नीट समजून घ्या. मुलाची नोंदणी अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या संगणकीय यंत्रणेत क्लबच्या नावावर होते. ती क्लबनं सोडल्याशिवाय मुलाला दुसऱ्या संघाकडून अधिकृत सामना खेळता येत नाही. सोडलंय असं तोंडी सांगून भागत नाही. त्याच दिवशी, त्याच खोलीत, "नोंदणी कधी मोकळी करणार?" हे विचारा आणि तारीख लिहून घ्या. आमचे जून-जुलै त्यात गेले. फिजिओ सरांनी मात्र आजतागायत सोडलेलं नाही. दर एक तारखेला त्यांचा मेसेज येतो, मी स्वयंपाकघराच्या दारावर पेन्सिलीनं खूण करून फोटो पाठवते. या महिन्यात 161. त्यांना त्याचे पैसे कुणी देत नाही.

पैशांचं स्पष्ट सांगते. आम्ही महिन्याला 16,000 भरले, म्हणजे दहा महिन्यांचे 1,60,000. कपडे-किटचे एकदाच 9,500. बूट दोन जोड, गाडीभाडं आणि आमच्या चकरा धरून दोन लाखांच्या वर गेलं. त्यातले साठ हजार माझ्या भाकरीचे, बाकी यजमानांचा बोनस आणि भिशी. सगळीकडे असे पैसे पडत नाहीत, हे आम्हाला उशिरा कळलं. जमशेदपूरची टाटा फुटबॉल अकादमी 1987 पासून आहे, तिथं निवड झालेल्या मुलांचा खर्च संस्था करते. नवी मुंबईत रिलायन्स फाउंडेशनची यंग चॅम्प्स ही अकादमी 2015 ला सुरू झाली, तिथंही पूर्ण शिष्यवृत्ती. आपल्या राज्याची क्रीडा प्रबोधिनी आहेच. कोल्हापूरचा अनिकेत जाधव, रिक्षाचालकाचा मुलगा, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत शिकला आणि 2017 चा तो विश्वचषक भारताकडून खेळला. कोल्हापुरात तालमींचे संघ आहेत, शाहू स्टेडियम भरतं, पोरांना लहानपणापासून बघायला मिळतं. आपल्याकडे तसं नाही, म्हणून आपल्या मुलांच्या पालकांनी जास्त माहिती काढायला हवी. आधी या फुकटच्या जागांच्या चाचण्या द्या, मग पैसे भरायचा विचार करा.

आणि परदेशाच्या नावानं फोन आला तर सावध. एप्रिलमध्ये, मुलगा सुटल्याचं कळताच, एका माणसाचा मला फोन आला. स्पेनच्या क्लबच्या युवा संघात घालतो, साडेतीन लाख द्या, वय चौदा आहे म्हणजे अगदी योग्य. मी दोन रात्री झोपले नाही. मग वाचलं. फिफा म्हणजे जगभरच्या फुटबॉलची संघटना, तिच्या नियमाप्रमाणे 18 वर्षांखालच्या मुलाची एका देशातून दुसऱ्या देशात क्लबबदली होत नाही. अपवाद थोडे आहेत, जसं आईवडील फुटबॉलशी संबंध नसलेल्या कारणानं तिकडे राहायला गेले तर. आपल्याला त्यातलं काही लागू नाही. हा नियम मोडला म्हणून 2014 ला खुद्द बार्सिलोनावर फिफानं खेळाडू घेण्याची बंदी घातली होती. तिकडे जाऊन दोन आठवड्यांचं शिबिर करता येतं, पण ते पैसे भरून केलेलं शिबिर, संघातली निवड नव्हे. मी त्या माणसाला नियम वाचून दाखवला, त्यानं फोन ठेवला, पुन्हा आला नाही.

करार वाचा. 2000 साली मेस्सीला घेण्याचा शब्द बार्सिलोनानं कागदी नॅपकिनवर लिहून दिला होता असं सगळे सांगतात, पण तुमच्या हातात येईल तो 11 पानांचा असेल आणि इंग्रजीत. आम्ही वकिलांकडून वाचून घेतला, 500 रुपये लागले, सार्थकी लागले. जखमेचा खर्च कोण करणार, मध्येच मुलाला काढलं तर पैसे परत मिळणार का, या दोन ठिकाणी बोट ठेवा. आमच्या करारात पहिल्याचं उत्तर होतं, दुसऱ्याचं नव्हतं. आणि गावात मूल ज्या क्लबकडून खेळतं तिथं त्याची नोंद नीट करून ठेवा. पुढं खेळाडू पैसे मोजून परदेशातल्या क्लबकडे गेला, तर त्या रकमेचे 5 टक्के त्याला 12 ते 23 या वयात घडवणाऱ्या क्लबांत वाटले जातात. आपल्या मैदानावर चुना मारणाऱ्या सरांना त्यातले चार पैसे मिळाले तर किती चेंडू येतील.

कागदपत्रं ही लागली : जन्मदाखला (नाव घातलेला, नुसता "मुलगा" लिहिलेला चालत नाही, आमचा महापालिकेतून दुरुस्त करून आणायला नऊ दिवस लागले), आधार, शाळेचं बोनाफाइड, डॉक्टरांचा तंदुरुस्तीचा दाखला, आठ फोटो. वयाची शंका आली तर मनगटाचा एक्स-रे काढायला सांगतात, घाबरू नका.

मुलगा रोज सकाळी सहाला मैदानावर असतो. सध्या गुडघा दुखत नाही. लहान पोरांना गोलात उभं करतो आणि पाठीमागं उभा राहून बोटं दाखवतो, त्यांनी न वळता किती बोटं ते सांगायचं, म्हणजे आधी बघून ठेवलेलं पाहिजे. कुणाला प्रत्यक्ष विचारायचं असेल तर तेव्हा या. साडेसातला तो शाळेला जातो, त्याआधी. आणि मुलाला पाठवायचं ठरलंच तर डब्यात चटणी सहा जणांना पुरेल एवढी द्या.